रोग्याला कोण सांगणार?

मौद्याहून नागपूर अवघे पस्तीसेक किलोमीटर. काही वर्षांपूर्वी मामाजींना घेऊन आम्ही दर तीन आठवड्यांनी त्या रस्त्याने शहरात जात होतो. फुप्फुसाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला होता. डॉक्टर मामाजींना तपासत, त्यांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगत आणि मग आमच्याशी बोलत. आम्ही बाहेर येऊन सांगायचो, 'सलाइन लावायची आहे, बरं वाटेल.' एकदा परतताना कन्हानच्या पुलावर त्यांनी मला विचारले, "बाबू, हे औषध मले बरं कराले देतेत, का नुसते दिवस ढकलाले?" मी विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेला माणूस, खिडकीबाहेर पाहत राहिलो.

हे न सांगणे आले कुठून? त्याचा इतिहास फार जुना आहे, पण तो कसा बदलत गेला हे गेल्या साठ-सत्तर वर्षांतच नीट दिसते.

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले १९४१ साली. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यातून ही कल्पना आली. त्या काळी उपाय दोनच : शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. या दोन्हींच्या पलीकडे रोग गेला, की डॉक्टरांजवळ सांगण्यासारखे काही उरत नसे. खुद्द तुकडोजी महाराजांचे १९६८ साली कर्करोगानेच निधन झाले. पुढे त्यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय नागपुरात उभे राहिले. तरीही आपल्याकडे रोगाचे नाव घेताना लोक आवाज खाली करतच राहिले.

हे फक्त आपल्याकडेच होते असे समजू नये. १९६१ साली शिकागोतील एका रुग्णालयात डॉक्टरांना प्रश्नावली दिली गेली. दहापैकी नऊ डॉक्टरांचा कल रोग्याला कर्करोग आहे हे न सांगण्याकडे होता. १९७९ साली अमेरिकेतच दुसऱ्या रुग्णालयात तशीच प्रश्नावली दिली, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगावे म्हणत होते. अठरा वर्षांत चित्र उलटले! नवी औषधे आली होती, रोग्याच्या हक्कांची चर्चा सुरू झाली होती, आणि संमतीशिवाय प्रयोग करता येणार नाहीत हेही ठरत चालले होते.

आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला डॉ. एल. जे. डिसूझा यांनी 'शांती आवेदना सदन' सुरू केले. बरा न होणारा कर्करोग असलेल्यांची वेदना कमी करणारी ही देशातली पहिली अशी संस्था. २००२ साली तेव्हाच्या भारतीय वैद्यक परिषदेने नियम केला, की डॉक्टरांनी रोगाचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. मात्र ही माहिती 'रोगी, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र' यांना असावी. यातला 'किंवा' लक्षात घ्या. मामाजी ज्या बाकावर बसत, तो बाक या 'किंवा'तच ठेवलेला आहे. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की उपचाराचा हेतू, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रोग्याला सांगूनच संमती घ्यावी.

पण रोगाचे नाव सांगितले म्हणजे पर्याय सांगितले, असे होत नाही. २०१२ साली अमेरिकेत फुप्फुसाचा किंवा आतड्याचा कर्करोग पसरलेल्या १,१९३ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांनी रसायनोपचार घेतले होते. त्या औषधांनी रोग बरा होण्याची शक्यता नाही, हे फुप्फुसाच्या ६९ टक्के आणि आतड्याच्या ८१ टक्के रोग्यांना उमगलेलेच नव्हते. आणि गंमत म्हणजे, आपले डॉक्टर छान बोलतात असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात हा गैरसमज अधिक आढळला.

खरे सांगितले तर माणूस खचेल, ही आपली भीती. २०१० साली बोस्टनच्या १५१ रोग्यांचा अभ्यास आला. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या निम्म्या रोग्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच वेदनाशामक सेवा दिली. तीत रोगाविषयी आणि निवडीविषयी मोकळे बोलणेही होते. या गटात शेवटच्या काळातले कष्टदायक उपचार कमी झाले, मन अधिक स्वस्थ राहिले, आणि जगण्याचा मध्यक ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने आला. मध्यक म्हणजे काय, हे वर्गात शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे. '११.६ महिने' ही मुदत नव्हे. निम्मे रोगी त्याहून अधिक जगले. डॉक्टरांनी नुसता आकडा सांगितला, तर घरचे त्याची तारीख करून टाकतात.

मग सांगावे कसे? २००० साली काही कर्करोगतज्ज्ञांनी सहा पायऱ्या मांडल्या. त्यांचे सार सोपे आहे : शांत जागी बसावे, रोग्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारावे, किती जाणून घ्यायचे आहे तेही विचारावे, मग सोप्या शब्दांत सांगावे, भावना ओसरू द्याव्यात आणि पुढचे दोघांनी मिळून ठरवावे. ज्याला ऐकायचे नाही, त्याला न ऐकण्याचाही अधिकार यात आहे. पण ते विचारले पाहिजे त्यालाच.

मामाजी शेवटची सलाइन घेऊन आल्यावर तेरा दिवसांनी गेले. शेतात धान कापणीला आला होता. त्यांना उत्तर दिले असते, तर कदाचित तरीही त्यांनी ती सलाइन घेतली असती. किंवा बांधावर खाट टाकून बसले असते. पुलावर त्यांनी विचारलेल्या प्रश्नात दोन्ही पर्याय नेमके मांडलेले होते. निवड त्यांची होती, ती आम्ही करून टाकली.