सूर्याचा आघात आणि कुलाब्याची वही

धर्माबादेस मिरच्या वाळविणारें ऊन सूर्यापासून सुमारें 8 मिनिटांत येऊन पोहोंचतें. सूर्याचा दुसरा एक प्रवाह मात्र डोळ्यांस दिसत नाहीं, आणि त्यास येथवर येण्यास बहुधा दोन-चार दिवस लागतात. विद्युद्भारित कणांचा हा वारा, म्हणजेच प्लाझ्मा, आपल्याबरोबर चुंबकत्वहि वाहून आणतो. त्याच्या एका प्रचंड आघाताचें माप मुंबईंत कुलाब्यास नोंदलें गेलें तें 1859 सालीं. आपण सूर्याचा वारा मोजीत आहों, हें मोजणारांस ठाऊकहि नव्हतें!

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीनें 1826 सालीं बांधली. चुंबकीय वेध 1841 पासून सुरू झाले. टांगलेल्या चुंबकाचें स्थान तासातासास वाचावयाचें आणि आंकडा वहींत मांडावयाचा, एवढेंच तें काम. शाळेंतील हजेरीसारखें नीरस. 1 सप्टेंबर 1859 रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांस सूर्यावरील डागांच्या समूहावर अकस्मात् शुभ्र तेज चमकलेलें दिसलें. तेव्हांपासून सुमारें 17 तास 40 मिनिटांनीं पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठलें. देशोदेशींच्या तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कित्येक वेधशाळांत यंत्रांची मोजपट्टीच अपुरी पडली. कुलाब्याच्या निरीक्षकांनीं मात्र तासाचा नेम सोडून थोड्याथोड्या मिनिटांनीं वाचन चालू ठेविलें. आडवें चुंबकीय बल सुमारें 1,600 नॅनोटेस्लांनीं, म्हणजे शेंकडा चारांच्या आसपास, उतरल्याचें त्यांच्या वहींत सांपडतें.

पुढें ही परंपराच तुटण्याचा प्रसंग आला. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार होत्या आणि त्यांच्या प्रवाहानें चुंबक नाचले असते. वेधशाळेचे पहिले हिंदी संचालक डॉ. नानाभाई मूस यांनीं अलिबागेस लोखंड वर्ज्य करून पोरबंदरी दगडाची नवी वास्तु उभारविली. 1904 पासून दोन वर्षें दोन्हीं ठिकाणीं एकदमच वेध घेतले गेले, म्हणून जुने आंकडे नव्यांशीं नीट जुळले. आळस केला असता तर पूर्वींचा सारा संचय निराधार झाला असता.

2003 सालीं त्सुरुतानी, लाखिना, अ‍ॅलेक्स आदि संशोधकांनीं ती जुनी वही पुन्हां उघडली. त्या घटीचें कारण कोणते प्रवाह, याविषयीं विद्वानांत वाद आहे. पण वादळ किती मोठें असूं शकतें हें ठरवितांना तिच्यावांचून चालत नाहीं. 1989 च्या मार्चांत याहून सौम्य वादळानें कॅनडांतील क्वेबेक प्रांत सुमारें 9 तास अंधारांत राहिला, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां मापनयंत्रेंच सूर्याकडे जातात. अमेरिकेचें पार्कर यान 24 डिसेंबर 2024 रोजीं सूर्यपृष्ठापासून सुमारें 61 लक्ष किलोमीटरांवरून गेलें. त्याच्या तारशृंगांनीं तेथील प्लाझ्मांतील विद्युत्क्षेत्र मोजलें जातें. भारताचें आदित्य-एल1 हें 6 जानेवारी 2024 रोजीं पृथ्वीपासून 15 लक्ष किलोमीटरांवरील आपल्या जागीं पोहोंचलें. तेथें तें सौर वाऱ्याचे कण मोजतें, चुंबकक्षेत्र टिपतें. सूर्याचीं अतिनील चित्रें घेणारी त्यावरील दुर्बीण पुण्याच्या आयुकानें सिद्ध केली आहे. अलिबागेस चुंबकीय वेध आजहि चालूच आहेत.