कुरुंद, वालुकाप्रहार आणि जुन्या धातुवस्तूंची शुद्धि

१. बिजागऱ्या, कुलपांचे भाग, यंत्रांचे लहान सुटे भाग अशा गंजलेल्या वस्तु स्वच्छ करण्यासाठीं कारखान्यांतून जी बंद पेटी वापरतात, तिला ब्लास्टिंग कॅबिनेट म्हणतात. त्या क्रियेस सँडब्लास्टिंग हें नांव रूढ आहे. आम्ही तिला वालुकाप्रहार म्हणूं. ही पेटी आतां हौशी संग्राहकांच्या घरींही दिसूं लागल्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकांपुढें एक प्रश्न उभा राहिला आहे. जुनें नाणें, शिक्का किंवा ताम्रपट यांवर तिचा प्रयोग करावा कीं नाहीं? उत्तर देण्यापूर्वीं ह्या उपायाचा पूर्वेतिहास पाहणें इष्ट होय.

२. धातूचा मळ काढण्याचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत तांबें, लोखंड, कांसें, पितळ, कथील व शिसें यांची शुद्धि क्षार, अम्ल व पाणी यांनीं, ज्यास जें योग्य त्याप्रमाणें, करण्यास सांगितलें आहे. तेथील हेतु धार्मिक शौचाचा आहे हें खरें. तथापि योग्यायोग्यतेचा विवेक लक्षांत ठेवण्याजोगा आहे. घर्षणद्रव्यांत मुख्य तो कुरुंद. संस्कृत ‘कुरुविन्द’ हाच शब्द. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत पद्मरागाच्या तीन उत्पत्तिस्थानांत कुरुविन्दाची गणना केली आहे, आणि माणिक हें कुरुंदाचेंच रूप आहे हें आधुनिक खनिजशास्त्रासही मान्य आहे. कुरुंदाची पूड लाखेंत मिसळून केलेली साण आपले रत्नें घासणारे कारागीर वापरीत. दक्षिणेंतील भाषांच्या द्वारें हा शब्द इंग्रजींत गेला, व १७९८ सालीं चार्ल्स ग्रेव्हिल यानें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेंत आशियांतील ह्या दगडावर निबंध प्रसिद्ध केला.

३. कण वेगानें फेकून पृष्ठभाग कापण्याची युक्ति मात्र अर्वाचीन आहे. तिचें पेटंट फिलाडेल्फिया येथील बेंजामिन च्यू टिल्घमन यानें १८७० सालीं घेतलें. वाफेच्या किंवा हवेच्या झोतांत वाळू सोडून दगड, धातु व कांच कोरावी, ही त्याची कल्पना. परंतु वाळू म्हणजे बहुतांशीं गारेचा चुरा. त्याची सूक्ष्म धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो. अनेक कामगार त्यास बळी पडल्यावर ब्रिटनमध्यें १९४९ च्या नियमांनीं धातूच्या वस्तूंवरील प्रहारासाठीं वाळूचा वापर बंद करण्यांत आला. वाळूच्या जागीं लोखंडी गोळ्या, गार्नेट, कांचेचे सूक्ष्म मणी व कृत्रिम कुरुंद हीं द्रव्यें आलीं. १८९१ सालीं एडवर्ड ॲचेसन यास जें नवें कठिण द्रव्य सांपडलें, तें कार्बन व कुरुंद यांचा संयोग होय अशा समजुतीनें त्यानें त्यास कार्बोरंडम म्हटलें. समजूत चुकीची ठरली; नांव राहिलें.

४. पेटीची रचना सोपी आहे. समोर कांच, खालीं दोन भोंकें व त्यांस जखडलेले रबरी हातमोजे. हातमोज्यांत हात घालून एका हातानें वस्तु व दुसऱ्यानें नॉझल धरावयाचें. पायानें कळ दाबली कीं काँप्रेसरची हवा वाहूं लागते, तिच्या ओढीनें तळच्या नरसाळ्यांतील कण वर येतात व वस्तूवर आदळून पुनः तळीं जमतात. धूळ निराळ्या नळीनें ओढून घेतात. वस्तु आधीं तेलरहित व कोरडी असावी लागते, नाहींतर कण चिकटून नळी तुंबते. अणकुचीदार कण पृष्ठभाग कापतात. गोल मणी तो ठोकून सारखा करतात. उघडें पडलेलें लोखंड लवकर गंजतें, म्हणून त्यास लगेच तेल वा रंग द्यावा लागतो.

५. आतां मूळ प्रश्न. कठिणतेच्या १० अंशांच्या मापांत कुरुंदाचे ९ अंश, गारेचे ७, तांब्याचे सुमारें ३ व शिशाचे दीड. सातवाहनांचीं शिशाचीं नाणीं ह्या मारापुढें टिकणार नाहींत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, जुन्या तांब्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदां गंजाच्या थरांतच राहिलेला असतो. बाहेर हिरवा थर, आंत तांबडा, आणि अक्षराची कडा दोहोंच्या सीमेवर. शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसरीस ‘छत्रपति’ असतें. परंतु अक्षरांचें वळण, ऱ्हस्वदीर्घ वेलांटी, ठिपके यांत भेद आढळतात, आणि त्यांवरूनच अभ्यासक नाण्यांचे प्रकार पाडतात. क्षणभराच्या प्रहारानें वेलांटी गेली तर नाणें चकचकीत होईल, पण साक्ष नष्ट होईल. शिवाय खळग्यांत दडलेलीं क्लोराइडें ह्या उपायानें जातातच असें नाहीं, व रोग पुनः उद्भवतो.

६. म्हणून साधन सर्वथा त्याज्य ठरत नाहीं. रॉबर्ट ब्लॅक ह्या अमेरिकन दंतवैद्यानें १९४५ सालीं बारीक कणांच्या झोतानें दांत कोरण्याची रीत प्रसिद्ध केली. तशाच सूक्ष्म झोतानें पुढें वस्तुसंग्रहालयांतील तज्ज्ञ लोखंडी वस्तूंवरील गंज, प्रथम क्ष-किरणांचें चित्र घेऊन व सूक्ष्मदर्शकाखालीं, थराथरानें उतरवूं लागले. तेथें मूळ पृष्ठभाग कोठें आहे तें ओळखून हात थांबविला जातो.

७. सारांश, जो भाग पुनः यंत्रांत बसवावयाचा, त्यास कारखान्याची पेटी योग्य. तेथेंही कर्त्याचा छाप व मूळ रंग यांची नोंद आधीं करावी. जें नाणें वा ताम्रपट वाचावयाचा, तो त्या पेटींत घालूं नये. संग्राहकांनीं वजन, छायाचित्र व ठसा घेऊन तो तज्ज्ञाकडे न्यावा, अशी आमची विनंति आहे. चिंच व राख यांनीं घासण्याची घरगुती चालही याच कारणास्तव सोडावी.