आधी शब्द, मग पंखा

श्रोतेहो, विहिरीवरचे ऑइल इंजिन हँडल मारून चालू करणारा गडी तुम्ही पाहिला असेल. कदाचित तुम्ही स्वतःही हँडल मारले असेल. अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, हँडलभोवती आवळायचा नाही, हे त्याला कोणीतरी वडीलधाऱ्याने शिकविलेले असते. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट वाचावे, म्हणून ही खबरदारी. आज ज्या इंजिनाची गोष्ट सांगायची आहे, त्याला मात्र हँडल नव्हते. त्याचा पंखाच हाताने ओढावा लागे. आणि ते इंजिन होते विमानाचे.

१९३२ सालची ही गोष्ट. त्या वेळी विलायतेहून विमानाने आलेली टपाल कराचीस उतरे. गिरगावातल्या पेढीवरचे किंवा परळच्या गिरणीच्या कचेरीतले पत्र असले, तर ते तेथून पुढे रेल्वेने येई. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाची थैली घेऊन निघाले आणि अहमदाबादेस थांबून दुपारी मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. तेव्हा त्यांचे वय २८ वर्षांचे होते. तेथून पुढे मद्रासकडे ती टपाल नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने नेली. टाटांच्या याच हवाई टपालसेवेतून पुढे एअर इंडिया उभी राहिली.

विमान होते ‘पुस मॉथ’ जातीचे. लहानसे, एकाच इंजिनाचे. इंजिन ‘जिप्सी’ घराण्यातले, चार सिलिंडरांचे, सुमारे १२० अश्वशक्तीचे. या घराण्यातली विमाने सहसा हातानेच चालू करीत. एक जण आत बसे, दुसरा पंख्यापुढे उभा राही. इतिहासात आत बसणाऱ्याचे नाव राहते. आज आपण पंख्यापुढे उभ्या राहणाऱ्याकडे पाहू.

प्रथम इंजिनाची रीत समजून घ्या. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारे भांडे. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला पेट्रोल थोडे जास्त लागते. त्यासाठी कार्ब्युरेटरची लहानशी खुंटी दाबून धरीत. पेट्रोल वर येऊन ठिबकू लागले की पुरे. मग स्विच बंद ठेवून पंखा चार-पाच वेळा सावकाश फिरवायचा, म्हणजे मिश्रण सिलिंडरांत ओढले जाते. यात हात आखडता घेतला तर इंजिन पेटत नाही. जास्त सैल सोडला तर पेट्रोल साचते आणि भडका उडण्याचे भय असते.

या सावकाश फिरविण्यात दुसरेही शहाणपण आहे. हे इंजिन उलटे, म्हणजे सिलिंडर खाली आणि त्यांना फिरविणारा दांडा वर. त्यामुळे वैमानिकाला पुढचे चांगले दिसे. परंतु विमान उभे असताना तेल झिरपून सिलिंडरात साचे. तेल दाबले जात नाही. तशात जोर लावला तर आतला दांडा वाकतो. पंखा कोठे अडला, तर हाताला ते आधी कळते.

आता धोक्याची गोष्ट. ठिणगी देणाऱ्या यंत्राला मॅग्नेटो म्हणतात. त्याला बॅटरी लागत नाही. नुसते फिरविले की वीज तयार होते. स्विच ‘बंद’ केला म्हणजे ती वीज एका तारेने इंजिनाच्या अंगात जिरविली जाते, इतकेच. ती तार तुटली, तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो. म्हणून पंख्याला कधीही मेलेला समजू नये. जो हात त्याला लागतो, त्याने तो आता फिरणार असे धरूनच लागावे.

यासाठी दोघांत ठरलेले बोलणे असे. बाहेरचा विचारी, “स्विच बंद?” आतला आधी स्विच बंद करी, हाताने तपासी आणि मगच म्हणे, “स्विच बंद.” चालू करताना मात्र क्रम उलटा. बाहेरचा म्हणे, “कॉन्टॅक्ट!” आतला तोच शब्द आधी उच्चारी, मग स्विच चालू करी. पाहिलेत? बंद करताना कृती आधी, शब्द मागून. चालू करताना शब्द आधी, कृती मागून. शब्द आणि कृती यांच्यात क्षणाचे अंतर पडले, तरी चूक सुरक्षित बाजूलाच होते.

त्याआधी चाकांपुढे लाकडी ठोकळे लावलेले असत, कारण त्या काळच्या बऱ्याच लहान विमानांना ब्रेक नसत. जमीन कोरडी हवी. गळ्यात लोंबता रुमाल नको. बोटे पात्याच्या कडेभोवती वळवायची नाहीत. आणि पाते ओढताना अंग मागे जाईल असेच उभे राहायचे. थ्रॉटल जरासाच उघडा. आत कोणी नसताना तर पंखा फिरवूच नये. जादा थ्रॉटलवर विमान एकटेच पळत सुटल्याच्या गोष्टी जगभर घडल्या आहेत. इंजिन पेटले की आतल्याची नजर तेलाच्या दाबाकडे. दाब चढला नाही तर लगेच बंद. चढला तर इंजिन ऊन होईपर्यंत धीर धरायचा.

१९८२ साली, त्या पहिल्या उड्डाणाला ५० वर्षे झाली तेव्हा, ७८ वर्षांच्या जे. आर. डीं.नी ‘लेपर्ड मॉथ’ या तशाच जुन्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. काळ बदलला होता, जेट विमाने आली होती. पण त्या जुन्या इंजिनाचे नियम जुनेच राहिले.

शिक्षकबंधूंनो, वर्गात १५ ऑक्टोबर १९३२ ही तारीख सांगाल तेव्हा दोन मुलांना समोरासमोर उभे करा. एकाला विचारू द्या, दुसऱ्याला हात फिरवून मग उत्तर देऊ द्या. आणि शेतकरी मंडळी, मळणीयंत्र असो की मोटारपंप, दुसऱ्याचा हात यंत्रात असताना “बंद आहे” हे शब्द बटण खरोखर बंद करून, डोळ्यांनी पाहूनच उच्चारा. समोरचा माणूस त्या दोन शब्दांवर आपला हात ठेवीत असतो.