कोरेमलूची बरणी

1930च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘कोरेमलू’ नावाचं क्रीम बाजारात आलं. ओठावरची लव, हनुवटीवरचे केस कायमचे घालवतं असा त्याचा दावा. त्यात सुमारे 7 टक्के थॅलियम अ‍ॅसिटेट होतं, आणि ते आलं होतं थेट दवाखान्यातून. 19व्या शतकाच्या अखेरीस क्षयाच्या रोग्यांचा रात्रीचा घाम थांबवायला डॉक्टर ते देत; रोग्यांचे केस गळत. पुढे या दुष्परिणामालाच कामाला लावलं. मुलाच्या डोक्यात नायटा झाला की वजनाच्या किलोमागे 8 मिलिग्रॅम, तेही एकदाच. दोन-तीन आठवड्यांत केस उतरायचे, मग मलम लावणं सोपं. इतकं तोलूनमापून देऊनही काही मुलं दगावली.

तेच औषध बरणीत भरल्यावर मोजणार कोण? बायका रोज बोटावर येईल तेवढं चोळायच्या. थॅलियम कातडीतून रक्तात उतरतं. ओठाला क्रीम लावणारीच्या डोक्याचे केस जाऊ लागले, पायांत असह्य कळा, कुणाला धड चालवेना, कुणाची नजर अधू झाली. (उंदीर मारायलाही तेव्हा थॅलियमच वापरत.) 1932 मध्ये कंपनीने दिवाळं काढलं, तेव्हा तिच्यावर भरपाईचे 25 लाख डॉलरहून अधिक दावे होते. सरकारला मात्र तिला हात लावता आला नाही: अमेरिकेच्या 1906च्या अन्न-औषध कायद्यात प्रसाधनं नव्हतीच. ती कायद्यात आली 1938 मध्ये.

आज युरोपच्या प्रसाधनांसाठीच्या बंदी-यादीत थॅलियम आहे, तशी स्टेरॉइडंही आहेत. ही दुसरी बंदी का, हे मला केमिस्टच्या काउंटरवरून रोज दिसतं. खरजेसाठी कुणा डॉक्टरने आठवडाभर दिलेली स्टेरॉइडची ट्यूब घरातली मुलगी ‘गोरं व्हायला’ म्हणून वर्षभर लावते. कातडी पातळ होते, गालावर लाल शिरा दिसायला लागतात आणि, दैवाची थट्टा बघा, चेहऱ्यावर लव वाढते. मी ट्यूब द्यायला नकार दिला की ‘काका, क्रीमच तर आहे’ म्हणत ती पुढच्या दुकानात जाते. 2018 मध्ये अशी अनेक मलमं भारत सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत.

तेव्हा एवढं करा: ट्यूबच्या लेबलवर डाव्या कडेला उभी लाल रेघ आहे का बघा. असेल, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय ती तोंडाला लावू नका.