वज्रेश्वरीचा नवस

भिवंडीचे मागांचे खडखडाट मागे टाकून वाड्याच्या रस्त्याला लागले आणि अंबाडीहून वळले, की तानसेच्या काठची वज्रेश्वरी येते. आम्ही गेलो तेव्हा प्रथम नजरेत भरला तो नगारखाना. देवीच्या दारी आलो की किल्ल्याच्या दारी, असा क्षणभर भ्रम व्हावा! बावन्न पायऱ्या चढून जाताना एका पायरीवर कासव कोरलेले दिसते. भाविक त्याला हात लावून मगच पुढे जातात.

ही देवी मूळची येथली नव्हे. परंपरा सांगते की तिचे ठाणे उत्तरेस गुंज गावी होते. पोर्तुगीज अमदानीत देऊळ उद्ध्वस्त झाले आणि देवी वडवलीस आली. म्हणजे देवीनेही गाव सोडला होता. पुढे वसईच्या मोहिमेवर असता चिमाजी अप्पांनी येथे नवस केला, ‘वसई घेतली तर किल्ल्यासारखे देऊळ बांधीन’, अशी कथा आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि देऊळ उभे राहिले.

नवसाची कथा आम्हांला गोड वाटते, पण तिच्या ओघात एक गोष्ट सुटते, आणि ती आपल्याच तालुक्यातली. अंजूरचे गंगाजी नाईक! साष्टी-वसईतील रयतेचे हाल त्यांनी पेशव्यांच्या कानी घातले, माणसे जोडली, वाटा दाखविल्या. मार्च १७३७ मध्ये ठाणे हाती आले, तेव्हा कुठे वसईचा मार्ग मोकळा झाला; पुढे दोन वर्षे झुंज चालली. ‘साष्टीची बखर’ नाईकांचे हे श्रेय सांगते. बखर घराण्याचा अभिमान धरून बोलते, हे मान्य. तरी देवळाच्या पायरीवर नाईकांचे नाव कोणी घेत नाही, याची आम्हांस खंत वाटली.

विजयाच्या खुणा दूरवर पसरल्या. वसईकडच्या चर्चमधील घंटा नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि वाईजवळ मेणवलीस गेल्या. एकाच्या देवाचा आवाज दुसऱ्याच्या दारी वाजू लागला. देवीचे देऊळ पाडणाऱ्यांनीही काय निराळे केले होते?

चैत्र अमावास्येच्या सुमारास पालखी निघते. खाली अकलोलीच्या कुंडांत कढत पाणी आहे. राक्षसांच्या रक्ताने ते तापले, असे जुने लोक सांगतात, तर खडकाच्या भेगांतून खोल उतरलेले पाणीच तापून वर येते, असे भूशास्त्रज्ञ म्हणतात. आम्ही मात्र पाय बुडवून बसलो, तो सूर्य मावळला.