धाब्याचं घर पाडायचं की नीट करायचं? खानदेशातल्या जुन्या घरांचं गणित

गावाकडचं वडिलोपार्जित घर नीट करायचं ठरलं की पहिला सल्ला हमखास येतो: "भिंती दोन-दोन फुटांच्या आहेत, धाबं काढा आणि त्यांच्यावरच स्लॅब टाका." जळगाव-धुळ्याकडच्या मातीच्या घरासाठी याच्याइतका धोकादायक सल्ला दुसरा नसेल. का, ते कळायला धाब्याचं घर कशावर उभं असतं ते आधी पाहावं लागेल.

धाबं म्हणजे मातीचं सपाट छत. मराठवाडा, सोलापूरकडे त्याला माळवद म्हणतात. इथे पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, त्यामुळे उतरत्या कौलांची तितकी गरज नसते. उन्हाळ्यात मात्र भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा डोक्यावर मातीचा जाड थर असलेला बरा. सागाचे खांब, खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडं, मग फळ्या किंवा तुरकाठ्या, कुठे कडुनिंबाचा पाला आणि सगळ्यात वर चोपून बसवलेली पांढरी माती, अशी ही रचना असते.

चांगल्या बांधलेल्या जुन्या घरांत छताचं वजन हा लाकडी सांगाडा पेलतो. भिंतीचं मुख्य काम ऊन, वारा आणि चोर अडवायचं. पण खांब बरेचदा भिंतीत बुजलेले असतात, म्हणून भिंतच सगळं पेलतेय असं वाटतं. लहान घरांत खांब नसतातच, तिथे तुळया थेट भिंतीवर टेकलेल्या असतात. आपलं घर यातलं कोणतं, हे दोन-चार ठिकाणी गिलावा खरवडून पाहणं हे पहिलं काम. टाइल्सचा रंग नंतर ठरवता येतो.

आता वजनाचा हिशेब. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची पद्धत आहे. दरवर्षी नवा थर पडतो, जुना सहसा कोणी काढत नाही. कोरड्या चोपलेल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १६०० किलो धरलं, तर १० बाय १२ फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे पाच टनांहून जास्त भार! पावसात भिजली की आणखी वाढतो. म्हणून दुरुस्ती करताना साचलेली माती उतरवून थर पातळ केला, तरी घराला मोठा आराम मिळतो. उतरवल्यावर लाकूड उघडं पडतं. तुळईचं भिंतीत गेलेलं टोक छिन्नीने टोचून पाहा, वाळवी आणि कूज बहुधा तिथेच लागते. कुजलेलं टोक कापून तिथे लोखंडी आधार देता येतो. अख्खी तुळई फेकायची गरज नसते.

"पाच इंची स्लॅब तर मातीपेक्षा हलका" असंही कुणी म्हणेल. हिशेबाने ते खरं आहे, चौरस मीटरला सुमारे ३०० किलो. पण स्लॅब टाकताना खांब-तुळया निघून जातात आणि सगळा भार मातीच्या भिंतीवर येतो. तिचा पाया एकदा भिजला की ती खचते. लाकूड मोडण्याआधी बहुतेक वेळा वाकतं, करकरतं, माती गळायला लागते. भिजलेली भिंत इतकी मुदत देईलच असं नाही. स्लॅब हवाच असेल तर त्याला स्वतःचे कॉलम आणि स्वतःचा पाया लागतो. तापी-गिरणा खोऱ्यातली काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. म्हणून पाया मुरुमापर्यंत न्यावा आणि त्यासाठी इंजिनिअरची सही घ्यावी.

जुन्या भिंतींचं मोठं नुकसान करतात त्या आपल्याच सुधारणा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही. दोन-तीन वर्षांत पोपडे सुटतात आणि आतली माती भुसभुशीत होते. तिथे चुन्याचा किंवा माती-भुशाचा गिलावाच चालतो. शेणाने सारवलेली जमीन काढून फरशी बसवली तर जमिनीतली ओल भिंतीकडे सरकते. आणि भिंतीला खेटून अटॅच्ड बाथरूम! मातीच्या घराचा याच्याइतका पक्का शत्रू नाही. न्हाणीघर परसातच विटांचं स्वतंत्र बांधावं. छतातलं साणे, म्हणजे उजेड-धुराचं भोक, बुजवू नका. वर जाड काच बसवली तर पाऊस येत नाही आणि दिवसा दिवा लागत नाही.

जुनं जपता येतं याचं उदाहरण जळगावातच आहे. आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी लग्नानंतर जुन्या जळगावातल्या ज्या चौधरीवाड्यात राहिल्या, तिथे आता त्यांचं स्मृती संग्रहालय आहे. भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशनने ते उभं केलं. घर नीट करण्याआधी एकदा तिथे जाऊन यायला हरकत नाही.

पैशांचा पेच वेगळाच. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) घर कच्चं की पक्कं हे भिंती-छताच्या सामानावरून ठरवते, त्यामुळे मातीचं भक्कम घरही 'कच्चं' ठरू शकतं. मैदानी भागात योजनेचं मूळ केंद्रीय निकषाचं साहाय्य १ लाख २० हजार रुपये आणि किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. म्हणजे मोठा वाडा पाडून दोन खोल्या, हा व्यवहार खरंच फायद्याचा आहे का ते घरात बसून ठरवा. साग विकून खर्च काढतानाही थांबा. जुनं सागवान घेणारे व्यापारी असतात, पण तेवढंच लाकूड नव्याने घ्यायला गेलात की फरक कळतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावात ती झाली असेल तर आधी काढून घ्या. त्यावर काका, आत्या, चुलतभाऊ अशी नावं असतील तर सगळ्यांची लेखी संमती काम सुरू होण्याआधी घ्या, भिंत पाडल्यावर नाही. शहर हद्दीत महापालिका किंवा नगरपालिकेची परवानगीही लागते.

कामाला होळीनंतर हात घाला. धाबं उघडलं की ते मृग लागायच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, बंद झालंच पाहिजे.