लेणे आणि गुहा

कान्हेरीच्या ब्राह्मी शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत. त्यांनी कोरवून दिलेल्या जागेला तिथे ‘लेण’ म्हटले आहे आणि पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’. पोढी बोलण्यातून गेली, लेणे टिकले. कल्याणजवळच्या लोणाडलाही आपण लेणीच बघायला जातो. म्हणून कुणी ‘कान्हेरी केव्हज’ म्हटले की मला वाईट वाटते. मराठीने वेगळ्या ठेवलेल्या दोन गोष्टी त्यात एक होऊन जातात.

लेणे आले ‘लयन’वरून, म्हणजे विसाव्याची जागा. धातू ‘ली’: चिकटणे, दडणे, विरून जाणे. आलय, लीन, विलय ही त्याचीच भावंडे. (अंगावर लेतात ते लेणे निराळे, त्याचा या लेण्याशी संबंध जोडू नये.) गुहा मात्र ‘गुह्’ची, म्हणजे लपवण्याची, गूढ आणि गुह्य तिच्याच घरातले.

विरण्याचा अर्थ लेण्याच्या धातूत असला, तरी आपला कातळ पाण्याने विरत नाही, तो छिन्नीनेच फोडावा लागतो. कान्हेरीचे जुने नावच कृष्णगिरी, काळा डोंगर. विरतो तो चुनखडक. पावसाचे पाणी हवेतला नि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते, फटींत शिरते आणि हजारो वर्षांत खडकच वाहून नेते. बस्तरच्या कांगेर खोऱ्यातली कुटुमसर गुहा अशीच झाली. तिच्या छताला लोंबणारा एखादा थेंब न्याहाळावा. त्यातला वायू निसटतो, चुन्याचा पापुद्रा वर राहतो, थेंब पडतो. मग त्याच जागी दुसरा. असा थरावर थर साचून जो खांब लोंबू लागतो, त्याला पाठ्यपुस्तकात ‘लवणस्तंभ’ म्हणतात. रसायनशास्त्राला ते चालेल, पण लवण म्हटल्यावर मुलांना मीठच आठवणार. ‘चुनस्तंभ’ म्हणावे, असे मला मनापासून वाटते.

या गुहेतल्या पाण्यात डोळे खुजे झालेला, रंग उडालेला मासा राहतो. अभ्यासकांनी त्याला ज्या जातीत धरले, तिचे वर्णन फ्रान्सिस डे यांनी 1872 साली केले, तेही पुण्याच्या माशांवरून. पुण्याकडच्या ओढ्यांत त्याचे भाऊबंद चांगले डोळस आहेत. अंधारात वनस्पती उगवत नाही, म्हणून गुहेतले पोट भरते ते वटवाघळांच्या विष्ठेवर आणि पुराने आत आणलेल्या पाल्यापाचोळ्यावर. पावसाळ्यात पाणी भरते म्हणून माणसांना गुहा बंद असते. माशांसाठी तोच सुगीचा काळ.